अंतराळयानावरची भडिमार तोफ : रेवाला चाप किती वेळ दाबता येईल?

बिनपंखी

नमस्कार मंडळी. एक विज्ञानकथा लिहायला घेतली होती, ती एका तोफेपाशी येऊन अडली आहे.

कथेत 'टिटवी' नावाचं शंभर टनांचं गस्ती यान आहे, आत चार माणसं. नाकाखाली सात नळ्यांची फिरती तोफ, ३० मिलिमीटरची. ती चालवते रेवा, यानाची गोलंदाज. (क्रिकेटमधली नव्हे. शब्दाचा मूळ अर्थ तोफ डागणारा, तो मला परत वापरात आणायचा आहे.) प्रसंग असा की पाचशे किलोमीटरवर शत्रूची तीन यानं दिसतात. रेवा दात-ओठ खात चाप दाबते आणि दहा मिनिटं सोडत नाही. तिन्ही यानांची चाळण होते, रेवाच्या डोळ्यांत पाणी.

लिहिताना मला फार आवडला होता हा प्रसंग. मग भाच्याला वाचायला दिला. त्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "मावशी, एवढ्या गोळ्या ठेवल्या कुठे होत्या?" तेव्हापासून झोप उडाली आहे.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. निर्वात पोकळीत अशी तोफ चालते का? तिला इतक्या नळ्या कशाला लागतात? यानाला धक्का किती बसेल? आणि मुख्य म्हणजे रेवाला चाप किती वेळ दाबून धरता येईल? दहा मिनिटं जमत नसतील तर पाच तरी?

लेझर वापरा असं कृपया कोणी सुचवू नका. लेझरला पुंगळ्या नसतात, त्यामुळे त्यात माझा जीव रमत नाही.

टवाळ

अवकाशात हवा नाही. हवा नाही म्हणजे प्राणवायू नाही. प्राणवायू नाही म्हणजे दारू पेटणार नाही. कथा पहिल्याच ओळीत संपली. पुढील लेखनास शुभेच्छा.

खारा वारा

टवाळराव, जमिनीवर तरी काडतुसाच्या आत कुठून येतो हो प्राणवायू? पुंगळीचं तोंड गोळ्यानं गच्च बंद असतं. आतली दारू बाहेरच्या हवेवर जळतच नाही, तिला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच बांधलेला असतो. तोफ पोकळीत चालते, आणि हा तर्क नाही, झालेली गोष्ट आहे. सोव्हिएत संघानं १९७४ मध्ये सल्यूत-३ हे स्थानक सोडलं. नाव नागरी, काम लष्करी. त्यावर बाँबर विमानाच्या शेपटातल्या तोफेवरून बेतलेली तोफ बसवली होती, २३ मिलिमीटरची. जानेवारी १९७५ मध्ये, आत कोणी माणूस नसताना, जमिनीवरून हुकूम देऊन ती उडवली. तोफ स्थानकाला पक्की जखडलेली होती, त्यामुळे नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवावं लागे. बिनपंखीताई, हे वाक्य कथेसाठी बाजूला काढून ठेवा.

आता माझ्याबद्दल. मी नोकरीतली बरीच वर्षं जहाजावरच्या सहा नळ्यांच्या ३० मिमी तोफेच्या देखभालीत घालवली. क्षेपणास्त्र अगदी अंगावर आलं की शेवटच्या काही सेकंदांत ते फोडायचं, एवढंच तिचं काम. मिनिटाला सुमारे ५,००० फैरी. हा आकडा ऐकला की पाहुण्यांचे डोळे विस्फारायचे. मी मग विचारायचो, पट्ट्यात गोळ्या किती असतील? कोणी म्हणे पन्नास हजार, कोणी लाख. असायच्या २,०००. भागाकार करा. चोवीस सेकंद.

तो पट्टा भरण्यात आमची सकाळ जायची. एकेक गोळा पुसायचा, तपासायचा, कडीत बसवायचा. एक जरी तिरका बसला तर पुढची सगळी ओळ अडणार. आणि सरावाच्या दिवशी दोन-दोन सेकंदांचे चार झटके, की पट्ट्याचा तिसरा हिस्सा गायब. त्यामुळे तोफ मिनिटाला किती सोडते हे मला कोणी सांगितलं की मी फक्त विचारतो, किती सेकंद? तुमच्या भाच्याचा प्रश्न शंभर नंबरी आहे. त्याला माझा सलाम सांगा.

तुमच्या वर्णनाची तोफ प्रत्यक्षात आहे : अमेरिकेच्या ए-१० या लढाऊ विमानाची सात नळ्यांची जीएयू-८. मिनिटाला ३,९००, म्हणजे सेकंदाला ६५. नुसती तोफ २८१ किलोची. पण ड्रम, गोळे पुढे सरकवणारी यंत्रणा आणि भरलेला दारूगोळा धरला की वजन जातं १,८०० किलोच्या वर. तोफ म्हणून आपण जे चित्र डोळ्यांपुढे आणतो तो या सगळ्याचा लहानसा भाग. ड्रममध्ये मावतात १,१७४ गोळे. अठरा सेकंद. वैमानिक एक-दोन सेकंदांचे झटके देतात आणि चाप सोडतात.

दहा मिनिटांचा हिशेब मी तुमच्यासाठी केला. ३९,००० गोळे. एक भरलेलं काडतूस साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर धरा, म्हणजे सत्तावीस टन होतात. तुमचं यान शंभर टनांचं. चार माणसांना झोपायला जागा उरली तर कळवा.

नळ्या इतक्या का, याचं उत्तर : एका नळीला विसावा मिळावा म्हणून. सेकंदाला ६५ गोळे सात नळ्यांत वाटले की एकीच्या वाट्याला नऊच येतात. बाकीच्या सहा तेवढ्यात पुंगळी बाहेर टाकणं, नवं काडतूस घेणं, ते बंद करणं ही कामं उरकत फिरत असतात. ही कल्पना रिचर्ड गॅटलिंगची, पेटंट १८६२ चं, तेव्हा ती हातानं दांडा फिरवून चालायची. १८९३ मध्ये त्यांनी तिला विजेची मोटर लावून पाहिली आणि वेग मिनिटाला ३,००० पर्यंत गेला. त्या वेगाचं करायचं काय हे तेव्हा कोणालाच कळलं नाही. जेट विमानं आल्यावर, १९४६ मध्ये अमेरिकेत जुनी कल्पना नव्यानं हाती घेतली गेली आणि त्यातून २० मिमीची व्हल्कन निघाली, मिनिटाला ६,००० ची.

फिरत्या नळ्यांचा एक दोष मात्र कथेत हमखास विसरला जातो. एवढं पोलाद जाग्यावरून हलवून वेगात आणायला वेळ लागतो. जीएयू-८ पहिल्या सेकंदात ६५ नाही, पन्नासच्या आसपास गोळे सोडते. ज्या लढाईचा निकाल दोन सेकंदांत लागतो तिथे पहिला अर्धा सेकंद म्हणजे फार मोठा काळ. म्हणून युरोपातल्या बऱ्याच लढाऊ विमानांवर रिव्हॉल्व्हर तोफ दिसते : नळी एकच, मागे फिरतं चक्र. राफालच्या तोफेचा वेग मिनिटाला २,५००, पण तो पहिल्या गोळ्यापासून. तुमची रेवा नेहमी अचानक हल्ल्याला तोंड देणार असेल तर सात नळ्यांचा मोह सोडा. दिसायला झोकदार म्हणून हव्या असतील तर ठेवा बापड्या, मी नाही म्हणणार नाही, मलाही त्या आवडतात.

शून्यगुरुत्व

काकांनी वजनाचं सांगितलं, मी उरलेलं सांगते. पेशानं भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा आकडे सहन करा.

पाचशे किलोमीटर विसरा. गोळा नळीतून सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगानं निघतो. पाचशे किलोमीटर म्हणजे पाचशे सेकंद, आठ मिनिटांहून जास्त. शत्रूनं इंजिन अगदी नावापुरतं चालवलं, पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या शंभराव्या हिश्श्याइतकं, म्हणजे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग, तरी तेवढ्या वेळात तो आपल्या मूळ मार्गापासून साडेबारा किलोमीटर बाजूला गेलेला असेल. तेही घाई न करता. हेच अंतर दहा किलोमीटर केलं तर गोळ्याला दहा सेकंद लागतात आणि शत्रू हलतो पाच मीटर. म्हणजे लागण्याची शक्यता आली. पोकळीत गोळा कधी थांबत नाही हे खरं, त्यामुळे लोकांना वाटतं पल्ला अमर्याद. पल्ला गोळ्यावर ठरतच नाही, समोरचा किती चपळ आहे यावर ठरतो.

आता भडिमार कशासाठी ते बघा. समजा तोफेचे गोळे एक मिलिरेडियन विखुरतात, म्हणजे दर किलोमीटरला एक मीटर. दहा किलोमीटरवर एका सेकंदातले ६५ गोळे दहा मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरले, म्हणजे सव्वा चौरस मीटरला एक. समोरून वीस चौरस मीटर दिसणाऱ्या यानाला सोळाएक गोळे लागतील. शंभर किलोमीटरवर तेच वर्तुळ शंभर मीटरचं होतं, आता १२० चौरस मीटरला एक गोळा. तेच यान सहा सेकंदांत सरासरी एकदा लागेल, तेही ते हललं नाही तर. अंतर दहापट, दाटी शंभरपटीनं कमी. रेवा एकेका गोळ्यानं नेम धरत नसते, ती जाळं फेकत असते, आणि जाळ्याची भोकं अंतराबरोबर मोठी होत जातात.

यावर एक उत्तर आजच्या तोफांत आहे. ३५ मिमीच्या एका प्रकारच्या गोळ्यात टंगस्टनचे १५२ छोटे तुकडे भरलेले असतात. नळीच्या तोंडाशी असलेली वेटोळी गोळ्याचा खरा वेग मोजतात आणि त्याच क्षणी त्याला केव्हा फुटायचं ते सांगतात. तोफेचा वेग मिनिटाला फक्त १,०००, पण जाळं कितीतरी दाट. पोकळीत तर हवेचा अडथळाही नाही, ते तुकडे सारख्या वेगानं पसरत जातील. मी तुमच्या जागी असते तर रेवाला हे दिलं असतं.

धक्क्याचं. जीएयू-८ चा सरासरी धक्का ४५ किलोन्यूटनच्या घरात. शंभर टनांच्या यानाला त्यामुळे मागे जाण्याचं त्वरण मिळतं ०.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पूर्ण अठरा सेकंद चालवली तर यानाचा वेग आठ मीटर प्रति सेकंदानं बदलतो. मोठं काही नाही. खरा घोटाळा तुमच्या 'नाकाखाली' या शब्दात आहे. तोफ वस्तुमानमध्याच्या दीड मीटर खाली आहे असं धरू, यान वीस मीटर लांब. मग प्रत्येक झटक्याला यान नाक खाली घालणार. माझ्या ढोबळ हिशेबानं एका सेकंदात अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. ऐकायला किरकोळ, पण दहा किलोमीटरवर ती चूक शंभर मीटरची होते. पहिले दहा गोळे शत्रूकडे, उरलेले त्याच्या पायाखालून.

खारा वारा

+१. ए-१० बांधणाऱ्यांनाही हे सोडवावं लागलं होतं. तिथे तोफ मधल्या रेषेच्या किंचित बाजूला बसवली आहे, म्हणजे गोळा सोडणारी नळी बरोबर मधल्या रेषेवर येते. तोफेला जागा द्यायची म्हणून पुढचं चाक बाजूला सरकवलं. आधी तोफ, मग विमान. टिटवीचंही तसंच करा : तोफ यानाच्या कण्यातून जाऊ द्या, आणि माणसं उरलेल्या जागेत.

उलटं उदाहरणही आहे. मिग-२७ मध्ये सहा नळ्यांची ३० मिमी तोफ बसवली, तिचे हादरे इतके की उतरताना लागणारे दिवे फुटायचे.

टवाळ

बरं, दारू पेटते, मान्य. चूक कबूल. पण मग मिनिटाला दहा लाख गोळ्या सोडणारी तोफ का नको? मी वाचलं होतं अशी एक होती.

खारा वारा

होती. ऑस्ट्रेलियातल्या मेटल स्टॉर्म कंपनीची. ३६ नळ्या, प्रत्येक नळीत गोळ्या एकामागे एक रचलेल्या, विजेच्या ठिणगीनं पेटणाऱ्या. प्रात्यक्षिकात १८० गोळ्या सेकंदाच्या शंभराव्या भागात सुटल्या. गुणाकार केला की मिनिटाला दहा लाखांच्या वर जातो, आणि तोच आकडा जगभर छापला गेला. पण सुटल्या किती? १८०. मग परत भरत बसा. २०१२ मध्ये कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. आता मी परत विचारतो, किती सेकंद?

बिनपंखी

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. दंडवत! काका, भाच्याला सलाम पोचवला, तो आता माझ्याशी फारच तोऱ्यात वागतो आहे.

नाकाखालची तोफ कण्यात नेली. पाचशे किलोमीटरचे दहा केले. अजून तीन गोष्टी छळतायत. एक, मी लिहिलं आहे की तोफ तापून लाल होते आणि अवकाशाच्या थंडीत लगेच निवते. बरोबर ना? दोन, टिटवी पृथ्वीभोवती चारशे किलोमीटर उंचीवर फिरते आहे. न लागलेले गोळे कुठे जातात? तीन, पोकळीत आवाज नाही, मग रेवाला काय ऐकू येतं? पूर्ण शांतता लिहिली तर प्रसंग मेल्यासारखा वाटतो.

शून्यगुरुत्व

पहिल्याचं उत्तर नाही, आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात. थंडी ही काही वस्तू नव्हे जी तोफेला येऊन चिकटेल. जमिनीवर नळी निवते ती वाऱ्यानं, जहाजावर पाण्यानं. पोकळीत दोन्ही नाही. उष्णता फक्त प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर पडणार, आणि ते काम फार सावकाश चालतं.

ढोबळ हिशेब करू. प्रत्येक गोळ्यामागे ५० किलोज्यूल उष्णता नळ्यांत उरली असं धरा. गोळ्याची स्वतःची गतिज ऊर्जा २०० किलोज्यूलच्या आसपास असते, त्या मानानं हे अवाजवी नाही. नळ्यांचं पोलाद १५० किलो, बाहेरचा पृष्ठभाग दोन चौरस मीटर. अठरा सेकंद सलग चालवली तर तापमान पावणेआठशे अंशांनी चढतं. लाल होते हे तुमचं बरोबर. त्यानंतर निम्मी उष्णता जायला आठेक मिनिटं लागतात. पण जसजशी निवते तसतसं प्रारण झपाट्यानं मंदावतं, कारण ते तापमानाच्या चौथ्या घातावर चालतं. सव्वाशे अंशांपर्यंत यायला जवळजवळ तास. तोवर आत नवं काडतूस ठेवलं तर ते चाप न दाबताच उडू शकतं.

दुसरा प्रश्न माझ्या सर्वांत आवडीचा. गोळे कुठे जातात हे रेवानं कुठल्या दिशेला तोंड करून चाप दाबला यावर आहे. चारशे किलोमीटरवर टिटवीचा वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर. मागे, म्हणजे प्रवासाच्या उलट दिशेला गोळी झाडली तर तिचा वेग उरतो ६.६७. तेवढ्या वेगाला ती कक्षा टिकत नाही, गोळा वातावरणात शिरतो. सल्यूत-३ वरून सुटलेले गोळेही वातावरणातच जळून गेले.

पुढे झाडली तर वेग ८.६७. गोळा लांबट कक्षेत जातो, पलीकडच्या बाजूला साडेपाच हजार किलोमीटरच्या वर चढतो आणि सुमारे अडीच तासांनी पुन्हा त्याच बिंदूवर येतो जिथून तो सुटला. पुन्हा अडीच तासांनी, पुन्हा तिथेच. टिटवीची फेरी ब्याण्णव मिनिटांची, त्यामुळे त्याच क्षणी ती तिथे असेलच असं नाही. पण त्या उंचीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला हा गोळा आता कायमचा शेजारी झाला. (कायमचा म्हणजे कक्षा हळूहळू बदलत जाईल, पण कथेला पुरेल इतका.) आणि आडव्या कक्षेतून येणाऱ्या यानाला तो सेकंदाला दहा किलोमीटरनं धडकला तर ४०० ग्रॅमच्या गोळ्यात २० दशलक्ष ज्यूल असतात, पावणेपाच किलो टीएनटीइतके. २००९ मध्ये इरिडियम-३३ आणि निकामी कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले, तेव्हा ठिकऱ्यांचा केवढा पसारा झाला ते आठवा.

म्हणजे तिथे शत्रू पुढच्या बाजूला असेल तर नुसता नेम धरण्यापूर्वी रेवाला वेगळा विचार करावा लागेल. आधी शत्रूच्या पुढे निघून जाऊन, त्याला मागे घेऊन मगच झाडायची असा काही नियम तुमच्या जगात असू शकतो. तो मोडला की काय होतं, यावर तुमची पुढची कथा.

खारा वारा

आवाजाचं मी सांगतो. पोकळीत आवाज नाही, पण तोफ यानाला जखडलेली आहे आणि रेवा यानाला जखडलेली आहे. आवाज धातूतून येतो. आमच्या तोफेखालच्या कप्प्यात कानांवर जाड संरक्षण लावून उभं राहिलं तरी तो पायांतून वर यायचा, दातांत जाणवायचा.

सेकंदाला ६५ म्हणजे ठोके वेगवेगळे ऐकू येतच नाहीत, एक सलग सूर ऐकू येतो. मी पेटी वाजवतो म्हणून सांगतो, ६५ हर्ट्झ म्हणजे मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या बरोबर दोन सप्तकं खाली. खर्जाच्याही खालचा खर्ज. आणि तोफ वेग घेते तेव्हा तो सूर खालून मींड घेत वर चढतो. गोळे संपले किंवा एखादी नळी गडबडली तर कान आधी सांगतात, पडद्यावरचा दिवा नंतर. तुमच्या रेवाला सूर कळत असेल तर तिला आकडे बघायची गरज पडणार नाही.

एक वंगणाची गोष्ट. साधं तेल पोकळीत उडून जातं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण लागेल. कथेत नाही लिहिलंत तरी चालेल, पण मला झोप लागणार नाही.

कोरा कागद

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. क्षेपणास्त्र सेकंदाला पाच किलोमीटर वेगानं अंगावर आलं तर दहा किलोमीटरवरून पोचायला दोनच सेकंद. माणूस काय करणार? रेवाची गरजच काय?

खारा वारा

वर्मावर बोट ठेवलंत. आणि त्या दोन सेकंदांतही, दहा किलोमीटरवर दिसताक्षणी गोळा सोडला तरी तो आणि क्षेपणास्त्र भेटणार यानापासून पावणेदोन किलोमीटरच्या आतच. क्षेपणास्त्र फुटलं तरी त्याच्या ठिकऱ्या त्याच वेगानं पुढे येणार. १९८३ मध्ये अमेरिकेच्या अँट्रिम जहाजावर सरावात हेच घडलं. तोफेनं लक्ष्य टिपलं, पण मोडकं लक्ष्य पाण्यावरून उसळून जहाजावर आदळलं आणि एक नागरी प्रशिक्षक दगावला. म्हणून टिटवीनं एकाच वेळी झाडायचंही आणि बाजूलाही व्हायचं.

माणसाचं. या तोफा स्वतःच शोधतात, स्वतःच झाडतात. माणूस फक्त मोकळीक देतो किंवा काढून घेतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये आखाती युद्धात एका जहाजाच्या तोफेनं मिसूरी या आपल्याच युद्धनौकेनं रडारला चकवायला उडवलेल्या चंदेरी कपट्यांवर नेम धरला आणि काही गोळ्या मिसूरीला लागल्या. १९९६ मध्ये सरावात जपानी युगिरी जहाजाच्या तोफेनं लक्ष्य ओढून नेणारं अमेरिकी विमानच पाडलं. विमानातले दोघेही वाचले, नशीब. तोफेत बिघाड नव्हता. समोर वेगानं हलणारं काहीतरी आलं, तिनं ते फोडलं.

आमच्याकडे मोकळीक द्यायची किल्ली एका माणसाच्या हातात असायची. सरावात त्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्याचं लक्ष येणाऱ्या लक्ष्याकडे कमी आणि आजूबाजूला आपलं कोण आहे याकडे जास्त असायचं. रेवा तिथे बसवा. चाप दाबून धरणारी रेवा काढून टाका.

बिनपंखी

काढली. काल रात्री परिच्छेद नव्यानं लिहिला. कच्चा आहे, हाणा हवं तेवढं :

"रेवानं किल्ली फिरवली नाही. पडद्यावर चार ठिपके होते. तीन येत होते, चौथा जात होता, आणि चौथ्यात कोण आहे हे तिला माहीत होतं. टिटवी शत्रूच्या पुढे निघून गेली, मग तिनं नाक मागे वळवलं. चौथा ठिपका जाळ्याच्या कडेबाहेर सरकला तेव्हा तिनं किल्ली फिरवली. खालून सूर चढला, पांढरी एकवर पोचला, तिच्या दाढांत थरथरला आणि दोन सेकंदांत थांबला. मोजणीचा आकडा १,१७४ वरून १,०५९ वर आला होता. नळ्यांचा रंग अजून बदलला नव्हता. तिनं किल्ली परत फिरवून ठेवली आणि पुढच्या ठिपक्याची वाट पाहिली."

पुंगळ्यांचं काय करू? मला त्या यानाभोवती चांदण्यांसारख्या तरंगताना दाखवायच्या आहेत.

टवाळ

हे चांगलं झालंय. (गंभीरपणे म्हणतोय.)

शून्यगुरुत्व

पहिल्या सेकंदात ५०, दुसऱ्यात ६५, एकूण ११५. बरोबर वजा केलंत. हात जोडले. शत्रूला मागे घेऊन झाडलंत हेही बघितलं.

खारा वारा

चांदण्या नकोत. ए-१० सुद्धा रिकाम्या पुंगळ्या बाहेर टाकत नाही, गोळा सुटला की पुंगळी परत ड्रममध्ये जाते. बाहेर फेकल्या तर त्या आपल्याच यंत्राला इजा करतील आणि विमानाचा तोलही बदलेल. टिटवीच्या कक्षेत तर त्या टिटवीच्याच आगेमागे फिरत राहतील, शून्यगुरुत्वताईंनी वर सांगितलेल्या शेजाऱ्यांसारख्या. आत ठेवा. लढाई संपल्यावर चौघांपैकी कोणालातरी ड्रम उघडून त्या एकेक मोजू द्या, जळक्या दारूचा वास यानभर पसरू द्या. चांदण्यांपेक्षा बरं दिसेल ते.

आणि मोजणी १,१७४ वरून सुरू करू नका. ती ड्रमची क्षमता झाली. प्रत्यक्षात नेहमी भरतात १,१५०. म्हणजे झटक्यानंतर पडद्यावर १,०३५ यायला हवेत.

बिनपंखी

चोवीस गोळे कमी केले. भाच्यानं विचारलं, ते चोवीस कुठे गेले.